काय वास येतोय?

जुलैचा शेवटचा आठवडा. वेळदूरच्या खाडीकाठी
आमची जाखमाता ओंडक्यांवर चढवून ठेवलेली,
वर निळं प्लास्टिक, खाली चिखल,
आणि इंजिनघराच्या पोटात
अकरा वर्षांची लोखंडी टाकी, तळाला पाझरणारी.

बाबांचं म्हणणं, एक डाग दे नि चालव.
बंदी उठायला सहा दिवस, बर्फवाल्याचं देणं,
खलाशी नेपाळहून निघालेले.
अब्बासचाचा मजगावकरानं नुसती बाही वर सारली.
मनगटापासून कोपरापर्यंत कातडी
भिजून वाळलेल्या कागदासारखी.
मग बाही खाली केली.
"रिकामीच होती तीपण," म्हणाला.
"रिकामीच वाईट. भरलेली निदान कळते."

बाबांनी बॅटरीच्या तारा स्वतःच्या हातानं सोडवल्या.
काडेपेटी आईकडे देऊन टाकली.

मला बोलावलं ते नाकासाठी.
चाळीस वर्षं डिझेलात काढून
चाचाचा वास गेलेला,
सुरंगीचा, म्हावऱ्याचा, सगळाच.
"बाय, वाक. काय वास येतोय?"
मी दहा वर्षांची. फळीवर पोट टेकून
अंधारात डोकं घातलं.
डिझेल, म्हटलं.
"मग आज काम नाय."
आणि तो खरंच घरी गेला.

दुसऱ्या दिवशी उरलंसुरलं हातपंपानं पिंपात,
तळाचं काळं पाणी डब्यात, खाडीत नाही.
फळ्या उघड्या, वारा दिवसभर आत-बाहेर.
काय वास येतोय?
डिझेल. थोडंसं.
तिसऱ्या दिवशी म्हटलं:
कुजलेलं लाकूड, शेवाळ, मेलेला उंदीर.
चाचा इतका खूश झाला
जणू मी अत्तरांची नावं घेतली.

टाकी उचलली तेव्हा तिच्याखालची फळी
खरवडली की चहाच्या चोथ्यासारखी हाताला लागत होती.
मिठानं टाकीला खाल्लं होतं ते बसल्या जागी,
जिथं ती लाकडाला घट्ट चिकटून होती
आणि आम्ही म्हणत होतो, बघा, कशी पक्की बसलीय.

नवी टाकी स्टीलची. आत दोन आडव्या पाट्या,
लाटेवर डिझेलनं धिंगाणा घालू नये म्हणून.
खाली रबर, बोटभर फट.
"तिलापण पाठ सुकवू दे."
प्रत्येक नळीला दोन क्लिपा. एक का नाही, बाबांनी विचारलं.
चाचा दुसरी आवळत राहिला.
श्वासाची नळी बाहेर, उंच, बगळ्याच्या मानेगत वाकवलेली.
भरायच्या तोंडापासून टाकीपर्यंत एक बारीक तार.
ही कशाला?
"ठिणगीला घरी जायची वाट."

मग सायकलच्या पंपानं जरा हवा, सांध्यांवर साबणाचं पाणी,
आणि आम्ही तिघं बुडबुड्याची वाट बघत बसलो.
एक आला. एवढासा.
सगळं परत उघडलं.
बंदी उठली त्या पहाटे बाकीच्या होड्या खाडीच्या तोंडातून
एकामागून एक गेल्या, वाजतगाजत.
बाबा धक्क्यावर पाठ करून उभे.

भंगारवाला गॅसचा सिलिंडर घेऊन आला होता.
चाचानं जुनी टाकी काठोकाठ पाण्यानं भरली,
मग छिन्नी घेऊन भोकं पाडली तिला, नऊ-दहा,
पुन्हा कुणाला लोभ सुटू नये म्हणून.
बाहेर आलेल्या पाण्यावर मोरपिशी तवंग होता.
"ही बघ," तो म्हणाला, "हिला म्हणतात रिकामी."

पहिल्यांदा फक्त वीस लिटर.
इंजिन धरलं. पाऊण तास धडधडू दिलं, मग बंद.
"बाय."
मी वाकले. रंग होता, नवं रबर होतं,
गरम लोखंड होतं.
काय वास येतोय?
काही नाही, म्हटलं. मग खरं बोलायचं म्हणून:
कुणाकडे तरी सुकट भाजतायत.
"कुणाकडे?"
वाऱ्याच्या अंगाला. तुमच्याकडेच बहुतेक.

चाचानं हात पुसले. वाऱ्याकडे तोंड केलं,
डोळे मिटून छातीभर श्वास ओढला,
जरा थांबला,
आणि माझ्याकडे बघून म्हणाला,
"असेल. आज मंगळवार ना."